सापुकायला उत्तर

वाल्दिनो न्हाव्याने वस्तरा एर्मिंदोच्या हनुवटीखाली टेकवला आणि नेमकं तेव्हाच मागच्या बाकावरून फाबिआन म्हणाला, "हाकेच्या प्रसंगाला अ‍ॅकॉर्डियनच वाजणार. माझ्याकडून लिहून घ्या." एर्मिंदोच्या गळ्यातली गाठ वरखाली झाली. वस्तरा थबकला. "काका, मध्येच गिळू नका," वाल्दिनो म्हणाला, "सिनेमा यायच्या आधी तुमचा गळा कापला गेला, तर हे दोघं मला जिवंत सोडायचे नाहीत." बाकावरचे दोघं हसले. फाबिआन बँकेतला कारकून, निकानोरचं लोखंडी सामानाचं दुकान. दोघांचे केस कापून केव्हाच झाले होते, पण सिनेमाची जाहिरात लागल्यापासून त्यांचा इथून पाय निघत नव्हता. सिनेमा माल्विनासच्या, इंग्रज ज्यांना फॉकलंड म्हणतात त्या बेटांच्या युद्धावरचा, त्यातही अर्जेंटिनाच्या उत्तरेकडल्या आपल्या कोरिएन्तेसच्या पोरांवरचा, आणि त्यातही त्या एका टेकडीवरचा. अजून त्याचा एक तुकडाही कुणी पाहिला नव्हता. पण कुठे कोणतं गाणं वाजणार यावरून अख्ख्या शहरात जुंपली होती. फोनवर यांचा हजारोंचा गट होता, त्यात माणसं दिवसरात्र एकमेकांची अक्कल काढत होती.

"बुएनोस आयरेसचा दिग्दर्शक आहे बाबा," निकानोर म्हणाला, "तो व्हायोलिन लावणार. त्या लोकांना कुणी मेलं की व्हायोलिनच सुचतं." फाबिआन म्हणाला, "चामिगो, दोस्ता, पोस्टर नीट बघ. धुक्यात ते पांढरे ठिपके दिसतात ना, ती अ‍ॅकॉर्डियनची बटणं आहेत. मुद्दाम ठेवलीयत. ज्याला कळायचं त्याला कळतं." निकानोरने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाला, "डोळे तपासून घे. मेंढ्या आहेत त्या." वाल्दिनो इतका हसला की त्याला वस्तरा बाजूला धरावा लागला. फक्त खुर्चीतला माणूस हसला नाही. त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड घट्ट आवळलेलं होतं, गालांना फेस होता, आरशात त्याला स्वतःचे दोन डोळे तेवढे दिसत होते. मेंढ्या. बरोबर ओळखलंस रे निकानोर, त्याच्या मनात आलं. सगळ्या शहरात तू एकट्याने बरोबर ओळखलंस, आणि तुला त्याचा पत्ताही नाही.

मेंढी एकच होती आणि ती इरेनेओने आणली होती. आठवडाभर पातळ पाण्यासारखं सूप, तेही थंड, आणि मग एक दिवस खड्ड्याच्या तोंडाशी इरेनेओ उभा, खांद्यावर मेंढी, नाक लाल, आणि हसतोय. एप्रिलच्या उकाड्यातून पोरांना उचलून त्या वाऱ्यात नेऊन टाकलं होतं. एकाच्याही अंगावर धड कोट नव्हता. खड्ड्यात तळाला पाणी, पाण्यात पाय, पायांना काही कळायचं बंद झालेलं. इरेनेओ, एर्मिंदो आणि तोबियास. तिघं एकाच गल्लीतले, एकाच नदीत पोहलेले. त्या मेंढीची चव आजही एर्मिंदोच्या दाढांमागे होती. अर्धी कच्ची, मीठ नाही, लोकर जळल्याचा वास, आणि तरी खाताना तोबियासच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती तिघांनी खाल्ली. नंतर सबलेफ्टनंटने विचारलं, कुणी आणली, तेव्हा इरेनेओ एकटा पुढे झाला. बाकीचे दोघं बुटांकडे बघत राहिले. विशीच्या आतलं वय, पोटात अन्न आणि मनात भीती. एर्मिंदोने स्वतःला त्याबद्दल कधीचं माफ केलं होतं. त्याला छळत होतं ते त्यानंतरचं.

"काकांनाच विचारा ना," वाल्दिनो म्हणाला. त्याने वस्तऱ्याचा फेस पुसला आणि आरशातून एर्मिंदोकडे आदराने पाहिलं. हा आदर एर्मिंदोला अंगावर ओल्या घोंगडीसारखा वाटायचा. "काका तिथे होते. शनिवारी क्लबात आवाज घ्यायला येतायत सिनेमावाले. खऱ्या सैनिकांची सापुकाय पाहिजे त्यांना, नटांनी मारलेली आरोळी नको. आपल्या वस्तीतून काकाच जाणार." फाबिआन उठून खुर्चीजवळ आला. "काका, एकच सांगा. त्या दिवशी, म्हणजे इरेनेओने जखमी होऊन हाक दिली आणि अख्खी टेकडी उठली, तेव्हा तुमच्या डोक्यात कोणतं गाणं होतं? काहीतरी असेलच. मी गटात नाव सांगणार नाही." निकानोर म्हणाला, "रॉक असणार. त्या दिवसांत रेडिओवर इंग्रजी गाणी बंद झाली होती, सगळीकडे आपलं रॉक. काय काका?" एर्मिंदो म्हणाला, "थंडी होती." फाबिआन वाट बघत उभा राहिला. मग त्याने मान डोलावली, जणू फार खोल काहीतरी ऐकलं, आणि बाकावर जाऊन फोनवर टाइप करू लागला.

संगीत होतं. हेच तर कुणाला सुचणार नाही, या गटातल्या हजारोंपैकी एकालाही नाही. सबलेफ्टनंटच्या तंबूत रेडिओ चालू होता आणि त्यावर कपडे धुण्याच्या साबणाची जाहिरात लागली होती. बायकांचा कोरस, टाळ्या, शेवटी फेसाच्या बुडबुड्यांचा आवाज. दुपार संपत आली होती, तिकडे चारलाच अंधारायचं. इरेनेओला उघड्यावर उताणं पाडलं होतं, हातपाय फाकवून चार खुंट्यांना बांधलेलं, अंगावर नुसता सदरा. चोरीची शिक्षा. इंग्रजांनी नाही, आपल्याच माणसांनी बांधलेलं. वरून बर्फ पण धड नाही, पाणी पण धड नाही असं काहीतरी पडत होतं. सबलेफ्टनंटने खड्ड्याखड्ड्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं, जो याच्याजवळ जाईल, जो याच्याशी बोलेल, त्याच्यासाठी शेजारी चार खुंट्या तयार आहेत. शांतपणे सांगितलं होतं. मग तो तंबूत गेला, आणि साबण लागला.

आणि इरेनेओने सापुकाय दिली. आता सापुकाय म्हणजे काय हे कोरिएन्तेसच्या माणसाला सांगायला लागत नाही, आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. फाबिआनसारखे लोक तिला गाण्यातली आरोळी समजतात, नाच रंगात आला की मारायची. ती तशीही आहे. पण ती आनंदाची, रडण्याची, गुरं हाकण्याची, मेलेल्याला पोचवण्याची, सगळ्याचीच आहे. तिचा नियम एकच. ऐकू आली की उत्तर द्यायचं. नदीपलीकडून कुणा अनोळखी माणसाने दिली, तरी अलीकडच्याने हातातलं काम टाकून उलट सापुकाय द्यायची. बोलणं बंद असलेले भाऊसुद्धा देतात. उत्तर न देणं म्हणजे ज्याने हाक दिली तो माणूसच नाही असं म्हणणं. इरेनेओची सापुकाय गल्लीत प्रसिद्ध होती, खालून घुमत यायची, वर चढायची आणि शेवटी विहिरीच्या कोरड्या कप्पीसारखी कुरकुरून तुटायची. त्या संध्याकाळी ती तशीच आली, फक्त थरथरत. खड्ड्यात तोबियासने एर्मिंदोकडे बघितलं. एर्मिंदोने तोबियासकडे. दोघांची तोंडं अर्धी उघडली होती, आपोआप, जांभई यावी तशी. आणि मग दोघांनीही ती मिटली. आजूबाजूच्या खड्ड्यांत कितीतरी कोरिएन्तेसचे होते. सगळ्यांनी ऐकलं असणार. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. वारा तेवढा होता, आणि तो रेडिओ. थोड्या वेळाने इरेनेओने परत दिली. मग आणखी एकदा, आणि ती तिसरी सापुकाय नव्हतीच, नुसता प्रश्न होता. मग तो गप्प झाला.

"इथे जरा मान वळवा," वाल्दिनो म्हणाला. कानामागे थंड पाणी लागलं आणि एर्मिंदो दचकला. बाकावर आता वाद दुसऱ्याच वळणाला लागला होता. कुणा अ‍ॅकॉर्डियनवाल्याने स्टुडिओतला फोटो टाकला होता आणि फोटोच्या कोपऱ्यात लष्करी बूट दिसत होता, म्हणजे काम त्यालाच मिळालं, असं फाबिआनचं म्हणणं. निकानोरचं म्हणणं, तो बूट त्याच्या मेहुण्याचा आहे, मेहुणा सैन्यात आहे, सगळ्या कोरिएन्तेसला ठाऊक आहे. "आणि समजा अ‍ॅकॉर्डियन असलाच," निकानोर म्हणाला, "तर तो हाकेच्या आधी की उत्तराच्या वेळी? मी सांगतो. हाकेला शांतता. आणि टेकडीने उत्तर दिलं की धाडकन सगळा ताफा, गिटार, बास, सगळं. थिएटरात एक माणूस बसून राहणार नाही. सगळे उठून सापुकाय देतील." वाल्दिनोचा हात थांबला. "माझ्या अंगावर काटा आला," तो म्हणाला आणि बाही वर करून खरंच दाखवू लागला. एर्मिंदोला वाटलं, आत्ता उठावं, हे कापड ओढून फेकावं आणि सांगावं की गाढवांनो, उत्तर आलंच नाही. टेकडी गप्प बसली. मी गप्प बसलो. लावा त्याला काय संगीत लावायचं ते. शब्द जिभेपर्यंत आले आणि तिथे बसून राहिले. इतकी वर्षं गप्प बसण्याची सवय लागली की गप्प बसायला काही करावं लागत नाही.

खोटं त्याने सांगितलंही नव्हतं. तेवढंही धाडस त्याच्यात नव्हतं. सांगितलं तोबियासने. परत आल्यावर वर्षा-दोन वर्षांनी चौकात श्राद्धासारखा काहीतरी कार्यक्रम होता, मांस भाजलं होतं, वाइन होती, आणि इरेनेओची बहीण झुल्मा तोबियाससमोर येऊन उभी राहिली. एवढीशी मुलगी, काळ्या कपड्यांत. तिने विचारलं, "माझा भाऊ शेवटी एकटा होता का?" तोबियासने ग्लासात बघितलं आणि म्हणाला, "एकटा? अगं, त्याने सापुकाय दिली, आणि अख्ख्या टेकडीने त्याला उत्तर दिलं. इंग्रजांनी गोळीबार थांबवला ऐकायला." कुठून सुचलं कुणास ठाऊक. झुल्माने मग एर्मिंदोकडे पाहिलं, आणि एर्मिंदोने मान हलवली. एवढंच. एकदा मान हलवली. त्या मान हलवण्यातून शाळेतला धडा निघाला, रेडिओवरचा कार्यक्रम निघाला, चौकाला नाव पडलं, आणि आता सिनेमा. गोष्टीतून आधी मेंढी गेली, मग खुंट्या गेल्या, सबलेफ्टनंट गेला, साबण तर कधी आलाच नव्हता. बाकीच्या खड्ड्यांतले जे परत आले त्यांनीही तोंड उघडलं नाही. तोबियास दारूत गेला. आता वस्तीत खरं माहीत असलेला एकच माणूस उरला होता आणि त्याच्या गालाला कोलनवॉटर चोळलं जात होतं.

सगळ्यात वाईट भाग तोबियासलाही माहीत नव्हता. सकाळी इरेनेओला सोडवून खड्ड्यात आणलं तेव्हा तो जिवंत होता. बोटं काळी पडली होती, पण जिवंत होता. तोबियास पाणी आणायला गेला होता. इरेनेओ भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "झोपला होतास ना रे?" आवाजात राग नव्हता. राग असता तर एर्मिंदोने तो आयुष्यभर आनंदाने पाठीवर वाहिला असता. तो उत्तर एर्मिंदोच्या हातात ठेवूनच विचारत होता, मित्राला अडचण नको म्हणून. "हो," एर्मिंदो म्हणाला, "झोपलो होतो." "वाटलंच मला," इरेनेओ म्हणाला. पुढच्याच दिवशी तोफगोळा पडला, त्यात तो गेला, आणि सैन्याच्या कागदावर तो लढाईत मेला अशी नोंद लागली. आणि एर्मिंदो घरी आला, पोस्टात चिकटला, लग्न केलं, बायको गेली, निवृत्त झाला. या सगळ्यात त्याने एकदाही सापुकाय दिली नाही. स्वतःच्या लग्नात पाहुण्यांनी दिल्या तेव्हा तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला होता. लोक म्हणत, युद्धाने याचा गळा नेला बिचाऱ्याचा. त्यानेही तेच खरं मानलं होतं. गळ्यातून ती गोष्ट कायमची गेली आहे, या एका गोष्टीवर तो थोडाफार उभा होता. शनिवारचं आमंत्रण आलं तेव्हासुद्धा त्याने मनाशी ठरवलं होतं, जाऊ, उभं राहू, आवाज निघणार नाही, लोक हळहळतील, संपेल. किंवा मग, आणि हे त्याला फार क्वचित, पहाटे पहाटे वाटायचं, त्या आधी झुल्माला खरं सांगू.

शनिवारी झुल्मा त्याला घ्यायला आली. आता तीही साठीला टेकली होती, हातात फडक्यात बांधलेले चिपा, चीजचे छोटे पाव, त्याच्यासाठी, दर रविवारसारखे, पण आज शनिवारीच. नवा झगा, ओठांना रंग. क्लब दोन गल्ल्या पलीकडे होता आणि एर्मिंदो मुद्दाम सावकाश चालत होता. "तू वाकून काय चालतोस," ती म्हणाली, "आज तरी ताठ चाल. सिनेमात जाणारेस." तो म्हणाला, "झुल्मा, तुला एक सांगायचंय. त्या संध्याकाळचं." ती थांबली नाही, पण तिने त्याच्या दंडात हात घातला. "मला माहितीय," ती म्हणाली. एर्मिंदोचं पाऊल अडलं. "मला माहितीय, तुला नाही जमत त्यावर बोलायला. मी कधी विचारलं का? आई शेवटच्या आजारात बरळायची, म्हणायची, माझ्या पोराला तहान लागली असेल, कुणी नसेल जवळ. मी तिला सांगायचे, आई, होते गं, एर्मिंदो होता, त्याने उत्तर दिलं. मग ती झोपायची. मीसुद्धा त्याच्यावरच झोपलेय इतकी वर्षं. तो गेला त्याचं दुःख मी केव्हाच गिळलं. पण त्याने हाक दिली आणि कुणी ओ दिली नाही, असं असतं ना, तर मी जगले नसते." ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, बाजारात भाव सांगावा तसं. "तुला काय सांगायचं होतं?" एर्मिंदो म्हणाला, "काही नाही. ऊन फार आहे." ती म्हणाली, "हो ना, आत्ताच एवढं."

क्लबात बास्केटबॉलच्या मैदानावर पंखे लावले होते आणि अर्धी वस्ती गोळा झाली होती. फाबिआन आणि निकानोर पहिल्या रांगेत, अजूनही भांडत. बुएनोस आयरेसहून आलेली आवाजाची मुलगी, तिच्या कानांवर मोठे हेडफोन, तिने एर्मिंदोला खडूने काढलेल्या फुलीवर उभं केलं. फाबिआनने तिला गाठलंच. "बाई, एवढं सांगा, उत्तराच्या खाली काय वाजणार?" ती हसली. "खाली काहीच नाही. दिग्दर्शक म्हणतात, तिथे संगीत नको. नुसते आवाज." फाबिआनचं तोंड पडलं. निकानोर म्हणाला, "बघ, मी शांतता म्हटलं होतं." "तू हाकेला म्हटलं होतंस, उत्तराला नाही." मुलीने ओठांवर बोट ठेवलं, सगळे गप्प झाले, पंखे बंद केले. मग तिने एर्मिंदोच्या कानांवर हेडफोन बसवले आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, आधी हाक ऐकू येईल, आम्ही नटाकडून करून घेतलीय. ती संपली की तुम्ही. जमलं नाही तरी काळजी नको, कितीही वेळा घेऊ."

कानात आधी वारा आला. कुठून आणला होता कुणास ठाऊक, पण तोच होता. मग हाक. नट बरा होता, कुणाची तरी ऐकून शिकला असावा. खालून घुमली, चढली, आणि शेवटी तुटायच्या ऐवजी गोल झाली. इरेनेओची नव्हती. एर्मिंदोला हायसं वाटलं, की हिला उत्तर द्यायची काही गरज नाही, हा कुणीतरी पगारी माणूस आहे. समोर झुल्मा दोन्ही हात छातीशी धरून उभी होती. तिचे ओठ किंचित उघडले होते. त्याने तोंड उघडलं ते आवाज निघणार नाही हे दाखवायला. आणि आवाज निघाला. बेंबीपासून निघाला, एक श्वास लागला, अर्धासुद्धा नाही. घुमला, वर गेला, पत्र्याच्या छपराला लागला, आणि वरून तुटून खाली आला. तरणा आवाज होता तो, म्हाताऱ्याचा नव्हताच. काही गेलं नव्हतं. कोणी काही नेलं नव्हतं. तो सगळा वेळ तिथेच, गळ्यात, तयार होता. त्या खड्ड्यातही होता. एवढंच करायचं होतं. इतकं सोपं होतं.

मग झुल्मा रडू लागली, खुशाल, तोंड न झाकता, आणि वस्तीने टाळ्यांचा कडकडाट केला. वाल्दिनो डोळे पुसत होता. फाबिआन निकानोरला मिठी मारून म्हणत होता की खरंय, याच्याखाली संगीत नकोच, संगीताने माती झाली असती. एर्मिंदो फुलीवर उभा होता. त्याला वाटत होतं आपण आता कोसळू, पण पाय भक्कम होते. मुलीने अंगठा वर केला, मग यंत्राकडे वाकून बघितलं आणि ओशाळून म्हणाली, "आजोबा, फारच सुंदर. फक्त शेवटी टाळ्या मिसळल्या. आणि टेकडीवर पुष्कळ जण दाखवायचेत ना, तर तुमचेच आवाज एकावर एक घालू. पुन्हा एकदा द्याल?"

त्याने पुन्हा एकदा दिली. मग आणखी एकदा. मुलगी सांगत गेली आणि तो देत गेला, आणि दर वेळी सापुकाय आली.